मुलांचा ताप, रक्ताचा रिपोर्ट आणि लोह
(काष्टी येथे दिलेले भाषण)



तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केली, ही कथा आपण विहारात ऐकतो. करुणेला ज्ञानाची जोड हवी, म्हणून आज आम्ही घरोघरच्या एका प्रश्नावर बोलणार आहोत.

पावसाळ्यात मूल तापाने फणफणते. रिपोर्टात पेशी कमी, हिमोग्लोबिन कमी असे दिसले की आईबापांचा धीर सुटतो. या आकड्यांचा अर्थ समजून घेऊ.

विषाणू शरीरात शिरला की पांढऱ्या पेशींचे प्रमाण बदलते. न्यूट्रोफिल कमी होतात, लिम्फोसाइट वाढलेल्या दिसतात. बहुतेक मुलांत हे काही आठवड्यांत आपोआप सुधारते. डेंग्यूचे तसे नाही. त्यात प्लेटलेट उतरतात आणि ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यांपैकी काहीही दिसले तर तडक दवाखाना गाठावा.

आता लोहाकडे वळू. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीर ते दडवून ठेवते. यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते. त्यामुळे आतड्यातून लोह कमी शोषले जाते आणि साठ्यातले लोह कोंडले जाते. रक्तातले लोह घटते, उलट फेरिटिन वाढते. साठा रिकामा असूनही फेरिटिन ठीक दिसू शकते. म्हणून तापातल्या एका रिपोर्टावर निर्णय न घेता, मूल बरे झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा तपासणी करावी.

परंतु 'तापामुळेच असेल' म्हणून गप्प बसणेही घातक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ६८.९ टक्के झाले. वारंवार आजारी पडणारे मूल नीट जेवत नाही आणि त्याच्या अंगी लोहही लागत नाही. एकातून दुसरे वाढत जाते.

आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विदर्भातील आपल्या बांधवांत सिकलसेल आढळतो, आणि सोयरिकी दूरवर होतात. पार्वोव्हायरस बी-१९ हा विषाणू लाल पेशींची निर्मिती आठवडाभर थांबवतो. निरोगी मुलाच्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्याला फारसे जाणवत नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी मात्र दहा-वीस दिवसांतच नष्ट होतात. त्याचे हिमोग्लोबिन झपाट्याने कोसळते आणि रक्त चढवण्याची वेळ येते. म्हणून सोयरिकीपूर्वी सिकलसेलची तपासणी करण्यात कमीपणा मानू नये.

अंगणवाडीतून मिळणारे लोहाचे औषध ताकावर ठेवू नका, मुलांना द्या. ताप असताना मात्र आधी डॉक्टरांना विचारा. जेवणात पालेभाजी, कडधान्ये, चालत असल्यास मांस-मासळी आणि वर लिंबू असावे. जेवणासोबत चहा नको.

ऐकीव गोष्ट पारखूनच स्वीकारावी, ही बुद्धांची शिकवण. विद्यार्थी मित्रहो, रिपोर्ट वाचायला शिका आणि आपल्या आईलाही समजावून सांगा.

नमो बुद्धाय! जयभीम!