रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि रक्तस्राव : घरातील पहिला तास

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विजयदुर्ग येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे. हृदयाची झडप बदललेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले, पायाच्या शिरेत गुठळी झालेले असे अनेकजण आज आपल्या घरांत 'रक्त पातळ होण्याची गोळी' घेत आहेत. ती का घेतात हे घरच्यांना माहीत असते. परंतु रक्तस्राव सुरू झाला तर काय करायचे, हे बहुधा माहीत नसते.

विजयदुर्गच्या सड्यावर वावरणाऱ्यांना न गोठणाऱ्या रक्ताची ओळख नव्याने करून द्यावयास नको. फुरसे चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते, हे येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्या विषाने रक्त गोठविणारी द्रव्ये शरीरातच खर्ची पडतात. गोळ्यांचा मार्ग निराळा, पण परिणाम त्याच जातीचा. सर्पदंश झाल्यावर मांत्रिकाकडे वेळ दवडू नये, हे आपण शिकलो. गोळी घेणाऱ्याच्या रक्तस्रावात मात्र अजूनही 'सकाळपर्यंत पाहू' असे म्हटले जाते.

या औषधाचा इतिहास मनोरंजक आहे. १९२०च्या दशकात अमेरिका व कॅनडात बुरशी आलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड आणि डबाभर न गोठलेले रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या संशोधनातून वॉर्फरिन जन्मास आले. प्रथम ते उंदीर मारण्यासाठी वापरले गेले आणि १९५४ साली माणसांवरील उपचारासाठी त्यास मान्यता मिळाली. विष आणि औषध यांत येथे अंतर आहे ते केवळ मात्रेचे! म्हणूनच आय.एन.आर. ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. बहुतेक रुग्णांत हा आकडा २ ते ३ या दरम्यान, तर काही कृत्रिम झडपांसाठी त्याहून थोडा अधिक ठेवतात.

वॉर्फरिन आणि ॲसिट्रोम या गोळ्या 'के' जीवनसत्त्वाच्या कार्यास अटकाव करतात. हे जीवनसत्त्व मेथी, पालक, कोथिंबीर अशा हिरव्या पाल्यात भरपूर असते. आता आपला चातुर्मास आठवा. पालेभाज्या एकदम बंद होतात, पुढे उपवास येतात. गोळी मात्र तेवढीच राहते. साहजिकच आय.एन.आर. वर चढतो.

एका गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांची झडप बदललेली होती. चातुर्मासात त्यांनी पालेभाजी सोडली, पर्युषणात अठ्ठाई धरली आणि गोळी दिवसा उकळलेल्या पाण्याबरोबर चालू ठेवली. सहाव्या दिवशी पावसाने निसरड्या झालेल्या चिऱ्याच्या पायरीवर ते पडले. डोक्याला मार लागला, पण जखम नव्हती. संध्याकाळी डोके जड झाले. रात्र होती, पाऊस होता, चौविहार झाला होता. 'सकाळी पाहू' असे ठरले. पहाटे उलटी होऊन गुंगी आली. रुग्णालयात विचारले, 'गोळी कोणती?' कोणालाच सांगता येईना. गोळ्यांची पट्टी घरी राहिली होती. त्यांचा जीव वाचला, पण वाचा परत आली नाही. घरच्यांच्या मायेत काही उणे नव्हते. उणीव होती ती माहितीची.

म्हणून पहिल्या तासात काय करावे, ते सांगतो.

जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबावे. घड्याळ लावून १५ मिनिटे हात काढू नये, मधे उचलून पाहू नये. हळद, कॉफी, चुना काहीही भरू नये. नाकातून रक्त आल्यास मान मागे न टाकता पुढे झुकावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरावा आणि घशात येणारे रक्त थुंकून टाकावे.

डोक्याला मार लागला असेल तर रुग्ण ठणठणीत दिसत असला तरी वैद्यकीय तपासणी त्वरित करावी, सी.टी. स्कॅन बहुधा लागतेच. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास, अचानक बोबडी वळणे, हात-पाय लुळा पडणे ही तातडीची लक्षणे होत. वेदनाशामक गोळी मनाने देऊ नये. स्नायूत सुई टोचून घेऊ नये.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तिला लगेच बोलवावे. येथून कणकवली-ओरोसकडे पोहोचेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. सी.टी. स्कॅन आणि रक्तपेढीची सोय कोठे आहे, हे आधीच फोनवर विचारून निघावे. सोबत गोळ्यांची पट्टी, आय.एन.आर.ची वही आणि शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ लिहून न्यावी.

हे का, तर प्रत्येक गोळीचा उतारा वेगळा आहे. वॉर्फरिनवर 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात, परंतु त्याचा गुण यायला काही तास लागतात. तोवर रक्त गोठविणाऱ्या घटकांचे तयार औषध शिरेतून देतात. ते काही मिनिटांत काम करते. ते नसेल तर प्लाझ्मा देतात. ही दोन्ही मानवी रक्तातूनच मिळतात. डाबिगॅट्रान या नव्या गोळीवर इडारुसिझुमॅब हा खास उतारा आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांचा प्रकारच निराळा. गोळीचे नाव कळल्याखेरीज डॉक्टर अंधारात चाचपडत राहतात.

दुसऱ्या टोकाचीही चूक होते. हिरडीतून थेंबभर रक्त आले म्हणून भीतीने गोळी महिनाभर बंद करणारे मी पाहिले आहेत. झडपेवर गुठळी धरून पक्षाघात होऊ शकतो. मोठा रक्तस्राव असेल तर पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. किरकोळ असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नये.

व्रते सोडा, असे मी म्हणत नाही. तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आय.एन.आर. तपासून पाहावा, पारण्यानंतर पुन्हा तपासावा. पालेभाजी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे मात्रा बदलता येते. गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवून घ्यावी. आपल्या प्रत्याख्यानातही आगार ठेवलेले आहेत; संकटकाळी त्यांविषयी गुरुमहाराजांना अवश्य विचारावे. रुग्णालयात रात्री औषध घ्यावे की नाही, हा प्रश्न रक्त वाहत असताना सोडवू नये, आधीच सोडवून ठेवावा.

शेवटी दोन विनंत्या. ज्यांच्या घरी अशी गोळी आहे, त्यांनी आजच एक कागद लिहावा : गोळीचे नाव, ती कशासाठी, मात्रा, डॉक्टरांचा फोन. तो रुग्णाच्या खिशात आणि दाराच्या आत चिकटवलेला असावा. आणि सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने रक्तदात्यांची यादी करावी. ज्या प्लाझ्म्याने एखाद्याचे प्राण वाचतात, तो शेवटी कोणाच्या तरी दंडातूनच आलेला असतो. अहिंसा मानणाऱ्या समाजाला जीवदयेचा याहून सोपा मार्ग कोणता?

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!