वावडिंगाचा काढा आणि कोंबडीचे जंत

परसातल्या कोंबड्यांना जंत झाले, की वावडिंग, पळसपापडी, कच्च्या पपईचा चीक ही नावं हमखास निघतात. या वनस्पतींत गुण आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पपईच्या चिकातली प्रथिनं पचवणारी विकरं गोल जंताची कातडीच खातात, आणि वावडिंगातलं एम्बेलिनही कृमिनाशक आहे. घोडं अडतं ते काढ्यापाशी. एम्बेलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे वावडिंग कितीही उकळलं तरी ते बहुतांशी चोथ्यातच राहतं आणि चोथा आपण फेकून देतो. पपईचं नेमकं उलटं, चीक उकळला की विकरं निकामी होतात. प्रयोगशाळेत अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढतात. गुण त्या अर्काचा नोंदवलेला असतो आणि कोंबडीच्या घशाखाली जातं चुलीवरचं पाणी! शिवाय अनेक प्रयोग बशीत होतात. कापलेल्या कोंबडीच्या आतड्यातले शेवईसारखे पांढुरके जंत कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायचे, वर अर्क घालायचा आणि वळवळ थांबते कधी ते पाहायचं. आतड्यात मात्र तोच अर्क खाद्यात मिसळून पातळ होतो आणि काही तासांत विष्ठेबरोबर बाहेर पडतो.

कुणी म्हणेल, रासायनिक औषधांना जंत सरावतात, त्यांचा अंश अंड्यात उतरतो. दोन्ही खरं आहे. पण वनस्पतीतलं द्रव्यही रसायनच. सुपारीतलं अरेकोलिन पट्टकृमीला लुळं पाडतं आणि मात्रा चुकली तर कोंबडीलाही विषबाधा करतं. ‘आमच्याकडे गुण येतो’ हा दुसरा दाखला. त्यात एक मेख आहे. पिल्लू तीनेक महिन्यांचं झालं, की गोल जंतांना त्याचं शरीर स्वतःच बऱ्यापैकी तोंड देऊ लागतं. तेव्हा निम्म्या पक्ष्यांना औषध न देता तुलना केल्याशिवाय श्रेय काढ्याचं की वयाचं, हे कसं ठरवणार? आणि औषध कोणतंही असो, जाड कवचाची जंतांची अंडी ओल्या तुसात महिनोन् महिने तग धरतात. तिथे ना काढा पोचतो, ना गोळी.

म्हणून तूस कोरडं ठेवा, वरचेवर उलथा, पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. वनस्पतींचं औषध जरूर करून पाहा. पण देण्यापूर्वी आणि दिल्यावर दहा-पंधरा दिवसांनी ताजी विष्ठा पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन जंतांची अंडी मोजून घ्या.