कासवाला सांगा, पुढे चल

आम्ही वडखळच्या बायका आज रेडिओवर कॉम्प्युटरबद्दल बोलणार म्हटल्यावर घरोघरी हशा झाला. होऊ दे.

आमच्या मुली सुट्टीत कॉम्प्युटरच्या क्लासला गेल्या. फी भरली, सर्टिफिकेट आलं. शिकल्या काय, तर पत्र टाइप करणं आणि अक्षर ठळक करणं. तेही लागतंच, पण कॉम्प्युटरला आपण स्वतः काम कसं सांगायचं, ते कुणी दाखवलं नाही. त्याच्या भाषा असतात, आणि त्यातल्या काही खास नवशिक्यांसाठी केलेल्या आहेत, हे आम्हाला उशिरा कळलं.

त्यातली जुनी म्हणजे ‘लोगो’. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सोबत्यांनी ती मुलांसाठी केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. त्याला सांगायचं, शंभर पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. त्याच्या मागे रेघ उमटते. असं चार वेळा केलं की चौकोन. मग त्या कृतीला नाव देऊन ठेवायचं. पेणला गणपतीचा साचा एकदा तयार झाला की हव्या तितक्या मूर्ती निघतात ना, तसं.

आता तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. त्याचा कोपरा साठ अंशांचा, म्हणून आम्ही सगळ्यांनी एकसुरात सांगितलं, साठ वळव. कासवाने तीन रेघा काढल्या आणि आकृतीचं तोंड उघडंच! अर्धा षटकोन झाला होता. तेव्हा आमच्यातल्या एक काकू उठल्या, पदर खोचला आणि अंगणात स्वतःच त्रिकोण चालू लागल्या. कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, “अगं, साठ आतला. मला तर त्याहून कितीतरी जास्त वळावं लागतंय.” एकशेवीस! तीनदा एकशेवीस म्हणजे तीनशेसाठ, पुरी एक गिरकी. शाळेत हा कोन आम्ही नुसता पाठ केला होता.

हे पोराटोरांचं खूळ समजू नका. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक अभिराम रानडे यांनी नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी ‘सिंपल सीपीपी’ तयार केलं. सी प्लस प्लस ही मोठमोठ्या कामांची भाषा, तिच्यात त्यांनी हेच कासव आणून बसवलं. एरवी तिथे एखादी गोष्ट चार वेळा करायची तर मोजणी कुठून सुरू, कुठे थांबायची, दर वेळी किती वाढवायची, सगळं लिहावं लागतं. इथे नुसतं ‘रिपीट’ आणि कंसात चार.

शब्द इंग्रजी आहेत खरे. पण सुरुवातीला लागतात पाच-सहाच, तेवढे आम्हीही शिकलो. मराठी शाळेतल्या मुलीने एवढ्यावरून “मला नाही जमायचं” म्हणावं, हे आम्हाला पटत नाही. खर्चाचं म्हणाल तर पायथन नावाची भाषा फुकट मिळते आणि तिच्यातही कासव आहे. तेव्हा पुढच्या वेळी क्लासची फी भरण्याआधी विचारा, मुलगी इथे स्वतः प्रोग्राम लिहिणार का?

आणि आज कामं आटोपली की अंगणात पाच टोकांची चांदणी चालून बघा, रांगोळीत हात न उचलता काढतो तशी. वळायचं किती, ते आम्ही सांगत नाही. एवढंच सांगतो, त्रिकोणात गिरकी एक झाली होती, चांदणीत दोन होतात.