अर्ज कोणाचा आणि उपयोग कोणाचा?

(बडोदे येथील मराठी श्रोत्यांपुढे आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



बडोद्यास येऊन राजवाडे, ग्रंथालये आणि सयाजीराव महाराज यांविषयी न बोलता रयतेच्या अर्जांविषयी बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस अरसिकपणाचे वाटेल. परंतु आम्ही ज्या सीमाप्रदेशातून आलो, तेथे अर्ज म्हणजे काय हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे कोणत्याही जुन्या राजधानीत पाऊल टाकले की, येथे गाऱ्हाणे कोणी लिहीत असे, ते कोणापर्यंत पोहोचत असे आणि पोहोचल्यावर लिहिणाऱ्याचे काय होत असे, हेच प्रश्न आमच्या मनात प्रथम उभे राहतात. या प्रश्नांची उत्तरे बडोद्याच्या इतिहासात जितकी स्पष्ट मिळतात, तितकी फार थोड्या ठिकाणी मिळत असतील.

आरंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पूर्वी या राज्यात दाद मागण्याचा रस्ता सर्वांस सारखा मोकळा नव्हता. सरकारने दिलेल्या वचनास जामीन राहण्याची ‘बाहंधरी’ नावाची पद्धत येथे होती. प्रथम ती अरब शिबंदीच्या जमादारांकडे होती. १८०२ साली त्या शिबंदीचा बंदोबस्त झाल्यावर इंग्रजांनी ती आपल्या अंगावर घेतली. ज्या सावकारास वा सरदारास इंग्रजांची बाहंधरी, तो गायकवाडांविरुद्ध रेसिडेंटाकडे जाऊ शके आणि रेसिडेंट ते प्रकरण मुंबईच्या गव्हर्नराकडे धाडू शके. ज्या कुणब्यास वा कोळ्यास असली सनद नव्हती, त्याने जावे कोठे? गाऱ्हाणे मांडणे हाही त्या काळी एक वतनी हक्कच होता, आणि बहुसंख्य प्रजा त्या वतनाबाहेर होती.

बरे, वतनदारास तरी न्याय सहज मिळत होता काय? हरिभक्तींची पेढी ही येथील नामांकित पेढी. त्या घराण्यातील जोइताबाई नामक विधवेने आपल्याच पेढीचा कारभारी बाबा नाफडा याच्याविरुद्ध गाऱ्हाणे केले. ते वर्षानुवर्षे रेसिडेन्सी आणि मुंबई यांच्यामध्ये हेलपाटे घालीत राहिले. जेम्स औट्रम रेसिडेंट होऊन आला, तेव्हा त्याने या प्रकरणाचा पाठपुरावा केला आणि १८५१ साली मुंबई सरकारास अहवाल लिहून, रेसिडेन्सीच्या आश्रयाने चालणाऱ्या लाचलुचपतीस येथील लोक ‘खटपट’ म्हणतात, असे सांगितले. आपला हा घरगुती मराठी शब्द त्यामुळे थेट लंडनच्या पार्लमेंटपुढील कागदपत्रांत जाऊन बसला. या अहवालाचे बक्षीस काय मिळाले? लॉर्ड फॉकलंड या गव्हर्नराच्या सरकारने औट्रमलाच बडोद्यातून हलविले. पुढे १८५४ साली लॉर्ड डलहौसीने त्यास परत येथे पाठविले, ही गोष्ट वेगळी. परंतु अर्जदार तर राहोच, अर्ज वर नेणारा गोरा अधिकारीही सुरक्षित नव्हता, हे त्यावेळी सर्व बडोद्याने पाहिले.

आता १८७३ या सालाकडे या. १८७० साली खंडेराव महाराज वारले आणि पाद्र्यास कैदेत असलेले त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. पुढील तीन वर्षांत जी गाऱ्हाणी साचली, ती कर्नल फेअर या नव्या रेसिडेंटाने गोळा करून मुंबईचे गव्हर्नर वुडहाउस यांच्या सरकारकडे पाठविली. तेथून ती कलकत्त्यास व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक यांच्यापर्यंत गेली. कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमण्यात आले आणि १८७३ च्या नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत ते याच शहरात बसले. त्यापुढे कोण आले? पगार तोडलेले सरदार व शिलेदार आले, मालमत्ता जप्त झालेले खंडेरावांच्या पदरचे लोक आले, सावकार आले. परंतु त्यांच्याबरोबर ती बिनसनदी रयतही आली. जड सारा, नजराणे, वसुलीसाठी केलेला छळ आणि राजवाड्यात बळजबरीने नेलेल्या स्त्रिया यांविषयीची तिची गाऱ्हाणी प्रथमच अशा ठिकाणी मांडली गेली की जेथे ती लिहून घेणे भाग होते. कमिशनने १८७४ च्या आरंभी अहवाल दिला आणि राज्यकारभार बिघडला आहे हे मान्य केले.

येथपर्यंतची कथा अर्जाच्या विजयाची वाटते. परंतु पुढचा भाग ऐका. २५ जुलै १८७४ च्या खलित्याने व्हाइसरॉयांनी महाराजांस सुधारणेसाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत दिली. दिवाणगिरीवर दादाभाई नौरोजी होते. बाळ मंगेश वागळे, होरमसजी वाडिया आणि काझी शहाबुद्दीन असे नामांकित गृहस्थ त्यांनी न्याय व महसूल खात्यांवर आणले होते. आमच्या मते त्या सर्व प्रकरणातील खरी महत्त्वाची घटना ती हीच. रयतेने दाद मागण्यासाठी परक्याच्या कोठीवर जाऊ नये, ती तिला राज्याच्याच कचेरीत मिळावी, असा तो प्रयत्न होता. त्या प्रयत्नास एका बाजूने दरबारी मंडळींनी आणि दुसऱ्या बाजूने रेसिडेंटाने श्वास घेऊ दिला नाही. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा बोभाटा झाला. दादाभाई लवकरच राजीनामा देऊन गेले. १८७५ च्या जानेवारीत महाराजांस अटक झाली. विषप्रयोगाच्या चौकशीत तिन्ही इंग्रज सभासदांनी त्यांस दोषी मानले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. मग सरकारने काय करावे? एप्रिल १८७५ मध्ये महाराजांस पदच्युत केले, आणि कारण दिले ते विषाचे नव्हे, दुष्ट राज्यकारभाराचे! जी मुदत वर्षअखेरपर्यंत दिली होती, ती आठ महिने आधीच बुडाली. ज्या रयतेची गाऱ्हाणी दीड वर्षापूर्वी लिहून घेतली होती, ती राजास काढण्याच्या वेळी उपयोगी पडली. नवा राजा कोण, दिवाण कोण, सारा किती, हे ठरविताना मात्र त्या रयतेस कोणी विचारले नाही. अर्ज प्रजेचा होता, त्याचा उपयोग साम्राज्याने करून घेतला.

तथापि, सारा दोष साम्राज्याच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. त्या काळी पुण्यामुंबईच्या मराठी लोकमताने मल्हाररावांची बाजू हिरीरीने घेतली. एका हिंदी राजावर असा खटला चालावा, याचा संताप योग्यच होता. परंतु त्या संतापात कडी, पाटण, नवसारी आणि अमरेली या प्रांतांतील गुजराती शेतकऱ्याचे गाऱ्हाणे कोणाच्या कानी पडले? राजा मराठा होता, दरबारात मराठी चालत होते, म्हणून त्याच्या कारकुनाने केलेला जुलूम सौम्य ठरत नाही. हे आम्ही येथे मुद्दाम बोलत आहो. ज्यांना परभाषेच्या कचेरीत उभे राहण्याचा अनुभव आहे, त्यांनी तरी स्वभाषेच्या कचेरीत उभ्या राहिलेल्या परक्याची व्यथा ओळखली पाहिजे. ती जर आम्ही ओळखणार नसू, तर आमच्या गाऱ्हाण्यात न्याय कमी आणि अहंता अधिक आहे, असे कोणी म्हटल्यास त्यास आम्ही काय उत्तर देणार?

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास असेच अर्ज लिहिले जात होते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी नष्ट झाली. तेव्हापासून १८७७ पर्यंतच्या कालखंडास तेथील इतिहासकार ‘पुनर्रचनेचा काळ’ म्हणतात. हा शब्द १९५६ पासून आमच्या सीमाभागात फारच परिचयाचा आहे! दक्षिणेकडील राज्यांतील नुकतेच मुक्त झालेले काळे नागरिक आपल्या राज्याच्या गव्हर्नरास पत्रे लिहीत. तेथील गव्हर्नर वरून नेमलेला नसतो. लोक त्यास निवडून देतात, आणि या नागरिकांनी त्यास स्वतः मते दिलेली होती. रात्री बुरखे घालून येणाऱ्या टोळ्यांपासून वाचवा, मत देण्यापुरते तरी संरक्षण द्या, अशी त्यांची विनवणी असे. नॉर्थ कॅरोलिनाच्या अलमान्स परगण्यात वायट आउटलॉ या काळ्या पुढाऱ्यास १८७० च्या फेब्रुवारीत न्यायालयासमोरील झाडावर फाशी देण्यात आले. गव्हर्नर होल्डन यांनी अशा टोळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी सैन्य पाठविले, म्हणून विधिमंडळाने १८७१ साली त्यांनाच पदावरून दूर केले. त्यांना क्षमा करण्याचा ठराव त्या राज्याच्या सिनेटने केला तो २०११ साली, म्हणजे १४० वर्षांनी. मिसिसिपीत १८७५ साली, मल्हारराव मद्रासेस गेले त्याच वर्षी, गव्हर्नर एम्स यांच्याकडे अशीच पत्रे येत होती. त्यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे फौज मागितली, ती मिळाली नाही. निवडणूक दहशतीत पार पडली आणि पुढल्या वर्षी एम्स यांनी पद सोडले.

या दोन चित्रांची तुलना करून पाहा. बडोद्यात अर्ज ऐकणाऱ्याच्या हाती बळ होते, परंतु त्याचा हेतू स्वतःचा होता. मिसिसिपीत अर्ज ऐकणाऱ्याचा हेतू चांगला होता, परंतु त्याच्या हाती बळ उरले नव्हते. दोन्ही ठिकाणी अर्जदार उघड्यावर पडला. वाचणारा सज्जन आहे की दुर्जन, एवढ्यावरच अर्जाचे भवितव्य सोडले, तर याहून निराळे काही होणे शक्य नव्हते.

मग मार्ग कोणता? तो आपल्याच माणसांनी त्याच काळात दाखविला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद होणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा नियम होता. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशी सुमारे ६,००० माणसे उभी होती. निवडणूक हा शब्दही जेव्हा सामान्य माणसाच्या ओठी नव्हता, तेव्हा केवढी ही दूरदृष्टी! १८७६-७७ च्या दुष्काळात या सभेने गावोगावची माहिती जमवून मुंबई सरकारकडे एकामागून एक पत्रे पाठविली आणि ती छापून प्रसिद्धही केली. दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाकाठी एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा एवढ्यात राबणारा माणूस जगतो कसा, हे सभेने आकड्यांनिशी विचारले. तेच टेंपल १८७७ साली मुंबईचे गव्हर्नर होऊन बसले, तरी सभेची पत्रे थांबली नाहीत. एकट्या मजुराचा अर्ज फाडून टाकता येतो आणि मजुरासही कामावरून हाकलता येते. सहा हजारांच्या मुखत्याराने लिहिलेला आणि छापून चारचौघांत वाटलेला अर्ज फाडला, तरी तो उरतोच.

बडोद्याच्या मातीतही याचे बीज रुजले, हे सांगितल्याशिवाय आम्ही या शहराचा निरोप घेणे कृतघ्नपणाचे होईल. २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा जो मुलगा येथे दत्तक आला, त्याच्या हाती कारभार आल्यावर १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली साऱ्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले. आम्ही या सुधारणेकडे आमच्या दृष्टीने पाहतो. ज्याचा बाप मीड साहेबापुढे हात जोडून उभा राहिला आणि ज्याचे गाऱ्हाणे दुसऱ्याच्या लेखणीतून, दुसऱ्याच्या भाषेत उतरले, त्याचा नातू स्वतःचा अर्ज स्वतःच्या भाषेत लिहू लागला. शिक्षणाची याहून मोठी फलश्रुती आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा मित्रहो, अर्ज लिहिणे हे दुबळ्याचे काम आहे असे कोणी हिणवील, तर त्यास बडोद्याचा हा इतिहास दाखवा. परंतु अर्ज लिहाल तेव्हा तो एकट्याने लिहू नका. त्यावर पन्नास घरांची सही घ्या, त्याची नक्कल ठेवा, तो चारचौघांत वाचून दाखवा, आणि तुमच्या दुःखाचा उपयोग दुसरा कोणी स्वतःच्या कामासाठी करीत नाही ना, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. आणि उद्या कधी अर्ज घेणाऱ्याच्या खुर्चीवर आपलाच माणूस बसला, तर दाराशी उभा असलेला मनुष्य कोणत्या भाषेत बोलतो हे न विचारता, त्याचा कागद प्रथम हातात घ्या. एवढेच सांगावयाचे होते.