परराज्यातील विद्यापीठांची दारे



बारावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात पालक येऊन उभे राहतात. कोणी शेतातून तसाच आलेला, कोणी डेअरीला दूध घालून आलेला. प्रश्न बहुधा एकच : “सर, पोराला गणितात गती आहे, कुठं घालू?” आपण तालुक्याचे, फार तर जिल्ह्याचे एखादे महाविद्यालय सुचवतो. कोलकाता, बंगळुरू, दिल्ली ही नावे आपल्या तोंडी येत नाहीत. ती आपल्या पोरांसाठी आहेत, असे आपल्यालाच वाटत नाही.

भारतीय सांख्यिकी संस्थेचे उदाहरण घ्या. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी ती १९३१ साली कोलकात्यात स्थापली आणि १९५९ साली संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. संख्याशास्त्राची पदवी कोलकात्यात आणि गणिताची बंगळुरूला, अशी तिची जुनी व्यवस्था आहे. या पदव्यांसाठी बारावीला गणित आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. विज्ञान शाखाच पाहिजे असे नाही. मात्र तिथली प्रवेशपरीक्षा आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखी नव्हे. तिचा एक भाग पर्यायांचा आणि दुसरा सविस्तर उत्तरे लिहिण्याचा. या दुसऱ्या भागात आपली मुले अडतात.

का अडतात ते सांगतो. लागोपाठच्या कोणत्याही तीन संख्यांचा गुणाकार सहाने भागला जातो, हे सिद्ध करा, असे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो. मुले लगेच चार, पाच, सहा घेतात, एकशेवीस येतात. सात, आठ, नऊ घेतात; पाचशेचार येतात. “भाग जातो, सर!” म्हणून वही मिटतात. अहो, पण पुढच्या सगळ्या संख्यांचे काय? एखादाच विद्यार्थी म्हणतो की, लागोपाठच्या तिघींत एक तरी सम असणारच आणि एक तीनने भागली जाणारी असणारच. मग सहाने भाग जाणे चुकणार कसे? त्या विद्यार्थ्याला शंभरापैकी किती गुण पडतात हे मी विचारत नाही. शिक्षकहो, आठवी-नववीपासून फळ्यावर आठवड्याला असा एक प्रश्न लिहा आणि ‘का?’ विचारा. त्याला शिकवणीवर्गाची फी लागत नाही.

आता दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांकडे वळू. पूर्वी तिथे बारावीच्या गुणांवर प्रवेश होत आणि नावाजलेल्या महाविद्यालयांच्या याद्या शंभर टक्क्यांपर्यंत जाऊन भिडत. २०२२ पासून पदवीच्या प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली. तिची प्रश्नपत्रिका तेरा भाषांत मिळते आणि त्यांत मराठीही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढचे शिक्षण बहुतेक इंग्रजीतूनच होते, हे मात्र मुलांपासून लपवू नका. आणखी एक गोष्ट : ही परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे नव्हे. दिल्ली विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करून महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरावा लागतो. तो भरला नाही तर उत्तम गुणही वाया जातात.

वाणिज्याच्या मुलांची गोष्ट निराळी. अकरावीत गणित की सचिवीय कार्यपद्धती, असा प्रश्न आला की मुले सोपे म्हणून दुसरा विषय घेतात आणि आपणही हो म्हणतो. पण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीला गणित लागते. इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने २०११ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या चाचणीतही आकडेमोड आणि गणिती विचार यांना मोठे स्थान आहे. त्याची फी जबर आहे, तेव्हा कर्जाचा हिशेब आधी मांडावा.

आता कागदपत्रे. इथे मला माझीच चूक सांगावी लागेल. आमच्या भागातील एका मेंढपाळाच्या मुलीला दिल्लीच्या एका महाविद्यालयात गणिताची जागा मिळाली होती. तिच्याजवळ राज्याचे भटक्या जमातीचे प्रमाणपत्र होते. “हे चालेल,” असे मी बेधडक सांगितले. ते चालले नाही. केंद्राच्या यादीत तिची जात इतर मागासवर्गात येते. तेव्हा केंद्राच्या नमुन्यातले, उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र हवे होते. धावाधाव केली, पण मुदत निघून गेली. ती आमच्याच महाविद्यालयात आली. हुशार आहे, चांगली शिकते आहे. तिचे वडील बाजारात भेटले की अजून हात जोडतात, तेव्हा मला वर पाहवत नाही.

म्हणून नीट ऐका. राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. २०२४ च्या राज्याच्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. अशा कुटुंबांनी आर्थिक दुर्बल घटकाचे केंद्राचे प्रमाणपत्र मिळते का ते पाहावे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी हवे. आणि शेतजमीन पाच एकर किंवा अधिक असली तर उत्पन्न कितीही थोडे असो, ते मिळत नाही. जिरायती पाच एकरांत काय पिकते ते तुम्ही जाणताच. पण नियम तसा आहे. ही प्रमाणपत्रे बहुधा चालू आर्थिक वर्षाची, म्हणजे १ एप्रिलनंतरची मागतात. आधीचे दाखले हिवाळ्यातच गोळा करून ठेवले, तर एप्रिलमध्ये तहसील कचेरीत एकच खेप पडते. आणि हो, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, असा घोळ असेल तर तोही वेळीच मिटवा.

आणखी एक. मुलीला इतक्या लांब पाठवायची म्हटली की घरात पहिला प्रश्न राहण्याचा निघतो, आणि तो रास्त आहे. दिल्लीत सर्वांना पुरतील एवढी वसतिगृहे नाहीत. बाहेर खोली घेतली तर भाडे फीच्या कितीतरी पट होते. तेव्हा पसंतिक्रम भरताना महाविद्यालयाच्या नावाशेजारी त्याचे वसतिगृह आहे की नाही, मुलींसाठी आहे का आणि त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो का, एवढे तीन रकाने वहीत आखून घ्या.