उठा, पण बेताने

(सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)

पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपण जिने धावत चढायचो. आता निम्मे जण बीपीच्या गोळ्या घेतो. म्हणून आज माझ्याच घरातली गोष्ट सांगते.

माझे सासरे रात्री बाथरूमला जायला उठले आणि पडले. महिन्याभराने पुन्हा पडले, तेव्हा खुब्याचं हाड मोडलं. आम्ही सगळे म्हणायचो, "वय झालं, तोल जातो." मीसुद्धा! डॉक्टर असून! दर रविवारी त्यांचा बीपी मोजायचे, पण खुर्चीत बसवून. उभं करून एकदाही नाही. ऑपरेशननंतर मोजला, तर आडवे असताना वरचा आकडा १४० आणि उभे राहिल्यावर मिनिटभरात १०५!

आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे नि पायांकडे उतरतं. त्याच क्षणी नाडी थोडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूला रक्त पुरतं. हे काम स्वायत्त मज्जासंस्था करते. आपले पंपवाले काका सगळे झोपेत असताना टाकी भरतात ना, तशी. आपल्याला न विचारता. घाम, पचन, लघवी हाही तिचाच कारभार.

जुना मधुमेह किंवा पार्किन्सन्स असेल तर हे काम मंदावू शकतं. बीपीच्या, प्रोस्टेटच्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि कमी पाणी पिणं यांनीही बीपी उतरतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात.

मग करायचं काय? पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजा. मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. शेजारी कुणीतरी हवं. आकडे डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने बंद करू नका, मीठही मनाने वाढवू नका.

रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, पावलं वर-खाली हलवा, मग आधार धरून उभे राहा. बारीक दिवा चालू ठेवा. पुरुषांनी रात्री लघवीला बसूनच करावं, त्यात कमीपणा नाही. भरपेट जेवणानंतर आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतर जपा. डोळ्यांपुढे अंधारी आली की आहात तिथेच खाली बसा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर थेट हॉस्पिटल.

सासरे आता वॉकर घेऊन गच्चीवर फिरतात. रात्री उठण्याआधी पलंगावर बसून शंभर वेळा विठ्ठलाचं नाव घेतात. "तुझ्या घड्याळापेक्षा हे बरं," म्हणतात. मी कशाला नाही म्हणू?

आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या मोठ्या माणसाचा बीपी एकदा उभं करून मोजा. मी उशिरा मोजला.