कागदावरचा वाढदिवस



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले. मी सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस. युनियनचे काम करता करता कायद्याची पुस्तके वाचली, आणि जे समजले तेवढ्यावर आजवर चाललो. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी 'सायकल' एवढाच शब्द कळवला. त्यांना वाटले, मी गंमत करतो आहे.

१ जून २०२५ रोजी मला पन्नास वर्षे पूर्ण झाली. म्हणजे कागदावर झाली. माझी आई सांगे की माझा जन्म तान्ह्या पोळ्याच्या दिवशीचा. शेजारची पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती आणि आत मी रडत होतो. पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिले. या सभेत १ जूनवाले किती आहेत, हात वर करा पाहू. पाहा, निम्मी सभा एकाच दिवशी जन्मली! मुलाला सहा वर्षे भरली पाहिजेत, शाळा जूनमध्ये उघडते, आणि आईबापांना तारीख सांगता येत नाही. गुरुजी तरी काय करणार?

घरच्यांनी केक आणायचे ठरवले होते. मी म्हटले, त्यापेक्षा मित्रांबरोबर सायकलीवरून तालुका पाहून येतो. दिवस रविवारचा होता. हा रविवारही कुणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आम्ही पाच जण त्या सुट्टीवर निघालो: एक रेल्वेचा गँगमन, एक शिक्षक, एक पंक्चरवाला, एक कारखान्यातून निवृत्त झालेला गडी, आणि मी.

पहाटे चारला नरखेड स्टेशनाच्या चौकातून निघालो. नियम एकच ठेवला होता: ज्याचा दम सर्वांत कमी, त्याने पुढे चालायचे, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून आम्ही नळीखालून पाय घालून कैची चालवायला शिकलो. तेव्हा पुढे जाण्याची चढाओढ असे. पन्नाशीत ती राहिली नाही, त्यामुळे गप्पा पुष्कळ झाल्या.

उजाडता उजाडता मोवाडला पोचलो. वर्धा नदी तिकडे सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते आणि मोवाडच्या अंगाला लागून वाहते. ३० जुलै १९९१ रोजी तिच्या पुराने हे गाव वाहून नेले, दोनशेच्या वर माणसे गेली. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याने ती तारीख न विचारता सांगितली. स्वतःची जन्मतारीख विचारली तर हसून म्हणाला, "ते मास्तराले ठाव."

पुढे जलालखेड्याहून काटोलच्या वाटेला लागलो आणि एक टायर बसला. पंक्चरवाला बरोबर असल्याने काळजी नव्हती. तो ट्यूब काढत बसला आणि आम्ही संत्र्याच्या बागेच्या कडेला सावलीत टेकलो. आपल्याकडे मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतात, त्याला ताण देणे म्हणतात. पुढे पाणी मिळाले की झाड फुलावर येते. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस झाला होता, ताण मोडेल अशी बागाईतदारांना धास्ती होती. गँगमन म्हणाला, "झाडाले दोन महिने ताण, आपल्याले बारा महिने." सगळे हसलो. निवृत्त झालेला गडी मात्र हसला नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "भाऊ, मास्तरानं माहा जलम दोन वर्षं आंधीच करून टाकला, न् म्या कधी पाह्यलंच नाही." कागदावर तो आपल्या सख्ख्या थोरल्या भावाहून सहा महिन्यांनी मोठा आहे! छप्पन्नाव्या वर्षी त्याला अठ्ठावन्न भरली म्हणून घरी पाठवले. दोन वर्षांचा पगार गेला, आणि नोकरीची वर्षे कमी भरल्याने पेन्शनीतही तूट आली. तो माझ्याकडे आला तेव्हा नोकरीचे तीन महिने उरले होते. नोकरीच्या अखेरीस केलेली जन्मतारखेची तक्रार न्यायालये सहसा ऐकत नाहीत, आणि आम्ही हरलो.

खरी गोष्ट आता सांगतो. तो वीस वर्षे आमच्या युनियनचा सभासद होता. पगारवाढीसाठी, बोनससाठी मी त्याला किती तरी वेळा गेटवर उभे केले. पण बाबा, तुझ्या सर्व्हिस बुकात काय लिहिले आहे, एवढे मी त्याला एकदाही विचारले नाही. गुरुजींची चूक एका ओळीची. माझी वीस वर्षांची. त्या सावलीत मी त्याला हे बोलून दाखवले. तो म्हणाला, "जाऊ दे भाऊ, टायर भरला."

काटोलला दुपार काढली, उन्हे उतरल्यावर निघालो आणि दिवेलागणीला नरखेडला आलो. गँगमनने वाटेत घेतलेला पेढ्यांचा पुडा उघडला. पहिला पेढा मी त्या मित्राला भरवला आणि विचारले, तुझा खरा वाढदिवस कोणता? तो म्हणाला, आई नाही राहिली, आता कोण सांगणार? तेव्हा आम्ही ठरवले की दरवर्षी एका रविवारी पाचही जणांचा वाढदिवस सायकलीवर करायचा.

मंडळी, १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळेसाठी आणि नोकरीसाठी जन्माचा दाखलाच तारखेचा पुरावा म्हणून लागतो. ही मुले आपल्यासारखी अडकू नयेत, म्हणून त्यांची नोंद वेळेवर करा. आणि ज्यांची नोकरी नुकतीच लागली आहे, त्यांनी उद्याच आपले सर्व्हिस बुक पाहावे, चूक असेल तर पुराव्यासह लगेच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या. आता मी तो प्रश्न सगळ्यांत आधी विचारतो.